संमती : होय

एकशे नव्वद युरोंत बासष्ट हजार माणसं.
मीच घेतली विकत, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी,
दुकानामागच्या खोलीत, हीटरला पाय लावून.
बाहेर नेमुनास काठाकाठानं गोठलेली,
आत झिताबाईंचे लिननचे टॉवेल
नाताळापासून घडीवर घडी, तसेच.

विकणाऱ्याला नाव नव्हतं. एक हसरं चित्र,
आणि दोन शब्द : ताजी, पडताळलेली.
मेथीच्या जुडीवर पाणी मारून म्हणावं, तसं.

फाइल उघडली. रकाने :
नाव, आडनाव, शहर, जन्मसाल, शेवटची खरेदी.
आणि अगदी कडेला, संमती.
तिथे बासष्ट हजार वेळा होय.
एकानंही 'होय, पण' म्हटलेलं नाही.
पहिल्या घरात एकदा लिहून
कुणीतरी बोट न उचलता
तळापर्यंत ओढत नेलेलं ते होय.
मला दिसलं ते.
दिसूनही मी 'पाठवा' दाबलं.

सकाळपर्यंत नऊ हजार परत आली,
असं कुणी इथे राहत नाही म्हणत.
क्लाइपेदाहून एकानं लिहिलं :
हा पत्ता माझ्या आईनं फक्त दातांच्या डॉक्टरला दिला होता.
दात गेले, मग आई गेली.
टॉवेल कुणाला पाठवताय?

एकीनं नुसतंच विचारलं, कोण तुम्ही?
उत्तर लिहायला मी तीनदा बसलो.

काही पत्ते तर कुणाचेच नव्हते.
आमच्यासारख्यांसाठीच मांडून ठेवलेले,
माणसाचं नाव लावलेले
उंदराचे पिंजरे.

दुपारी झिताबाई आल्या, चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरून.
"मोदेस्तास, बघ रे, कुणीतरी लिहिलंय मला.
'प्रिय झिता, तुमच्यासारख्या चोखंदळ गृहिणीसाठी.'
चोखंदळ! यांनी कधी पाहिलं मला?
आवतण नाही, ओळख नाही, थेट पानावर!"
स्वतःच्याच दुकानाच्या नावापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या.
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होतं,
यादीतून मला काढा.
तेवढं मात्र बरोबर सापडलं त्यांना,
आणि दाबलं, माझ्यासमोर.

मग मी सांगितलं.
त्या गठ्ठ्यावरच बसल्या.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"सुपरमार्केटात फ्रिजची सोडत होती. आठ वर्षं झाली.
चिठ्ठी भरली होती मी. फ्रिज कुठला लागायला."
आणि मग, "किती पडले रे मी, एकटी?"
मी मनात भागाकार केला.
सेंटचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.
आकडा ओठांवर आला, तिथेच ठेवला.

गुरुवारी आमचं खातं बंद झालं.
नवं उघडलं, पण नावाला वास लागला होता.
मारियामपोलेच्या अल्डोनाबाई, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक,
नातीच्या लग्नाचे बारा नॅपकिन, कडेला निळी वेल.
त्यांची पावती, त्यांचा होकार, कधी धाडू ते पत्र,
सगळं त्यांच्याकडे कचऱ्यात जाऊन पडलं,
गोळ्या आणि लॉटऱ्या विकणाऱ्यांच्या शेजारी.
लग्नाला आठवडा उरला तेव्हा त्यांनी फोन केला.
"दुकान मोडलंत की काय हो?"
मी बसनं गेलो नॅपकिन घेऊन. तीन शिल्लक राहिले म्हणून
त्यांनी परत दिले नाहीत, पैसे सगळे दिले.

आता गल्ल्यापाशी एक वही आहे.
झिताबाई विचारतात, पत्र पाठवू का कधीमधी?
एप्रिल संपता अकरा नावं, ज्याच्या त्याच्या अक्षरात.
एक म्हातारा नको म्हणाला,
तर वही त्याच्यापुढे सरकवली, हेही लिहा.
त्यानं लिहिलं, नको. खाली तारीख घातली.

फाइल मी पुसली.
पण ती काय माझ्याचकडे होती?
आजही कुणीतरी पाय शेकत ती उघडत असेल,
आणि तिथे, कुठल्याशा ओळीत,
झिता बाल्किएने, काउनास, एकोणीसशे त्रेपन्न,
शेवटची खरेदी : फ्रिज.
होय.